एलएसयूचा २०१९ चा फुटबॉल हंगाम : ऑस्टिनच्या तिसऱ्या डाउनपासून सुपरडोमपर्यंत

पाणकणीस (धागाकर्ती)

लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एलएसयूत, मी २०१८ ते २०२० अशी दोन वर्षे एम. एस.साठी होते. विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ पंधरापैकी पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला तो हंगाम मी विद्यापीठाच्या शहरात, बॅटन रूजमध्ये, राहून पाहिला. त्या संघाविषयी मराठीत सविस्तर लिहावे असे अनेक दिवस मनात होते. आकडे कुठेही मिळतात. मला लिहायचे आहे ते एका निर्णयाविषयी, कारण त्या निर्णयात सगळा हंगाम दडलेला होता असे मला वाटते.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी एवढे सांगते. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि त्या प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार डाउन मिळतात, नाही झाले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. पुढे जाण्याचे मार्ग दोन : चेंडू घेऊन पळायचे किंवा तो पुढे फेकायचा. फेकणारा तो क्वार्टरबॅक, झेलणारा तो रिसीव्हर. चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपार पोहोचवला की तो ‘टचडाउन’. पळण्यात यार्ड कमी मिळतात पण धोका कमी, आणि घड्याळ चालू राहते. फेकण्यात यार्ड जास्त, पण चेंडू जमिनीवर पडला तर घड्याळ थांबते आणि प्रतिस्पर्ध्याने झेलला तर सगळेच हातचे जाते. म्हणून आघाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांत पळतो, हा इथला जुना रिवाज आहे.

एलएसयू हा तर या रिवाजाचा पाईकच होता. भक्कम बचाव, दांडगे धावपटू आणि क्वार्टरबॅकने चूक करू नये एवढीच अपेक्षा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा खाक्या. त्यावर त्यांनी २००३ आणि २००७ ची विजेतेपदे मिळवली होती, त्यामुळे तो सोडावा असे कोणाला वाटत नव्हते. पण अलाबामा विद्यापीठासमोर तो चालेनासा झाला होता. जानेवारी २०१२ मधल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये अलाबामाने त्यांना २१-० असे हरवले, आणि त्या सामन्यापासून धरले तर २०१८ पर्यंत सलग आठ वेळा. २०१८ मध्ये बॅटन रूजलाच २९-० असा निकाल लागला. मी तेव्हा नवी होते, पण दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी कोणाशी धड बोलत नव्हते हे चांगले आठवते.

जो बरो हा त्या वर्षी संघात नुकताच आलेला क्वार्टरबॅक. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षे राखीव म्हणून बसला, पहिली पसंती दुसऱ्याला मिळणार हे दिसल्यावर पदवी हातात घेऊन लुईझियानात आला. २०१८ मध्ये त्याने १६ टचडाउन फेकले आणि शंभरातले ५७.८ चेंडू रिसीव्हरपर्यंत पोहोचवले. ही कामगिरी ठीक होती, पण तिच्याकडे पाहून कोणी मान वळवली नसती. प्रशिक्षक एड ओजरॉन हे बायू लाफूर्शच्या काठावरल्या लारोझ गावचे केजन, म्हणजे लुईझियानातल्या जुन्या फ्रेंचभाषक समाजातले. ओल मिसमध्ये (मिसिसिपी विद्यापीठात) १० विजय आणि २५ पराभव अशी नोंद घेऊन त्यांना जावे लागले होते. पुढे २०१३ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियात हंगामी प्रशिक्षक म्हणून त्यांनी आठपैकी सहा सामने जिंकले, तरी कायमची नेमणूक त्यांना मिळाली नाही. एलएसयूतही मुख्य प्रशिक्षकपद त्यांना आधी हंगामी म्हणूनच मिळाले, आणि २०१७ मध्ये ट्रॉय नावाच्या लहान विद्यापीठाने घरच्या मैदानावर हरवले तेव्हा त्यांना काढा अशी ओरड झाली होती.

याच ओजरॉन यांनी २०१९ च्या जानेवारीत न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी नावाचा २९ वर्षांचा साहाय्यक आणला. आक्रमणाची सूत्रे स्टीव्ह एन्समिंगर यांच्याकडे होती. ते वयाने खूप मोठे आणि सत्तरच्या दशकात एलएसयूचेच क्वार्टरबॅक होते. अशा वेळी वडीलधाऱ्याने नव्या पोराला दारात उभे करू नये असेच सहसा घडते. इथे दोघे शेजारी बसले. पाच जणांना मैदानभर पसरवायचे, बचावातली माणसे त्यांच्यामागे ओढून न्यायची, आणि मध्ये उघडी पडलेली जागा क्वार्टरबॅकने क्षणात ओळखायची, अशी ती नवी मांडणी.

आता त्या निर्णयाकडे येते. ७ सप्टेंबर २०१९, टेक्ससविरुद्ध ऑस्टिनमधला सामना. गणपतीचे दिवस होते. आम्ही सहा-सात मराठी विद्यार्थी एका मैत्रिणीच्या घरी आरतीसाठी जमलो होतो आणि प्रसादाची ताटली मांडीवर ठेवूनच दूरचित्रवाणीसमोर बसलो. एलएसयू ३७-३१ असे पुढे, सामना संपायला जेमतेम अडीच मिनिटे, चेंडू स्वतःच्या ३९ यार्डांवर, तिसरा डाउन आणि हवे होते १७ यार्ड. जुन्या एलएसयूने इथे चेंडू धावपटूच्या पोटाशी दिला असता, घड्याळ खाल्ले असते आणि उरलेले बचावावर सोडले असते. टेक्ससनेही जोरात चढाई केली. बरो मागे सरकला, धावून येणाऱ्यांना चुकवत एक पाऊल पुढे घुसला आणि पळता पळताच त्याने चेंडू जस्टिन जेफरसनकडे फेकला. जेफरसनने तो झेलला, वळला आणि थेट शेवटच्या रेषेपर्यंत गेला. ६१ यार्ड. त्यानंतर दोन गुणांचा प्रयत्नही यशस्वी झाला आणि ४५-३१ झाले. टेक्ससने आणखी एक टचडाउन केला, तरी निकाल ४५-३८ असा एलएसयूच्याच बाजूने लागला.

माझ्या मते अलाबामाचा सामना नोव्हेंबरात झाला, पण तो जिंकला गेला या चेंडूवर. आघाडीवर असतानाही फेकायचे, हे एकदा ठरल्यावर मग पुढे कोणाला भ्यायचे कारणच उरले नाही.

मैदानावर जाऊन मी एकच सामना पाहिला, १२ ऑक्टोबरचा फ्लोरिडाविरुद्धचा. दुपारपासून आवारात बिडाच्या मोठाल्या कढया चढल्या होत्या. एक आजोबा वल्ह्याएवढ्या लाकडी कालथ्याने जांबालायाचा भात तळापासून वर ओढत होते. परक्या मुलीला पाहून त्यांनी आधी ताटली भरून दिली आणि मग नाव विचारले. दुसऱ्या दिवशी कोजागरी होती, त्यामुळे सामना सुरू झाला तेव्हा पूर्वेकडच्या सज्जावर जवळपास पूर्ण चंद्र होता. टायगर स्टेडियममध्ये १,०२,३२१ माणसे बसतात. तिसऱ्या डाउनला ती सगळी एकदम ओरडतात तेव्हा आवाज कानांना ऐकू येण्याआधी पायाखालच्या काँक्रीटमधून कळतो. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी, पुढे फ्लोरिडाची २८-२१ अशी आघाडी, आणि शेवटी ४२-२८. चौथ्या सत्रात फ्लोरिडाचा टचडाउनसाठी आलेला चेंडू डेरेक स्टिंगली या पहिल्या वर्षाच्या, बॅटन रूजच्याच मुलाने शेवटच्या रेषेच्या आत झेलला. माझ्या शेजारच्या बाईंनी मला मिठी मारली. त्यांचे नाव मला अजूनही ठाऊक नाही.

९ नोव्हेंबरला टस्कालूसात अलाबामा. मध्यंतराला ३३-१३, शेवटी ४६-४१. आठ वर्षांचा तो दगड बाजूला झाला. पुढे जॉर्जिया ३७-१०, प्लेऑफच्या, म्हणजे अखेरच्या बाद फेरीच्या, उपांत्य सामन्यात ओक्लाहोमा ६३-२८, आणि १३ जानेवारी २०२० ला त्याच सुपरडोममध्ये क्लेम्सन ४२-२५. बरोच्या नावावर ६० टचडाउन आणि ७६.३ टक्के अचूकता जमा झाली. एका वर्षापूर्वी हे आकडे १६ आणि ५७.८ होते, हे पुन्हा एकदा लिहावेसे वाटते.

ज्यांनी हा हंगाम पाहिला असेल त्यांनी आपले मत जरूर लिहावे.

---

औदुंबर

अतिशय मनापासून लिहिले आहे. मी ह्यूस्टनला असतो आणि टेक्ससच्या बाजूचा आहे. तो तिसरा डाउन माझ्या घरात आजही दुखरा विषय आहे, तरीही आपण केलेले वर्णन अचूक आहे हे मान्य करतो. फक्त एक भर घालतो. त्या सामन्याच्या पहिल्या सत्रात टेक्सस दोन वेळा गोल रेषेच्या अगदी तोंडाशी पोहोचला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतला. एकदा तर आमच्या धावपटूच्या हातातून सोपा झेल सुटला. ते चौदा गुण मिळाले असते तर बरोला तसा चेंडू फेकण्याची वेळ आघाडीवर असताना आलीच नसती. आक्रमणाचे गुणगान करताना हे विसरू नये एवढेच म्हणणे आहे.

---

हुतूतू

मी आयुष्यभर कबड्डी खेळलो आणि शिकवली. मुलगा अटलांटात असल्यामुळे हा खेळ अलीकडे पाहू लागलो आहे. आपण लिहिलेल्या ‘पाच जणांना पसरवायचे’ या वाक्यापाशी थांबलो. चढाई करणारा खेळाडू कोपऱ्यातल्या गड्याला बाहेर खेचतो, साखळी तुटली की मधली जागा उघडी पडते आणि तो बोनस घेऊन परततो, तसेच हे दिसते. परंतु क्वार्टरबॅकला ती जागा चेंडू हातात येण्याआधी दिसते की नंतर, हे मला समजलेले नाही. कोणी समजावून सांगेल का?

---

पाणकणीस (धागाकर्ती)

काका, आपली उपमा फार नेमकी आहे. उत्तर असे की बरेचसे आधीच दिसते. चेंडू हातात येण्यापूर्वी क्वार्टरबॅक समोरच्या बचावातली मधली माणसे मोजतो. मध्ये सहापेक्षा कमी असतील तर पळणे फायद्याचे, जास्त असतील तर कडेला कोणीतरी एकटा पडलेला असतो, त्याच्याकडे फेकायचे. काही डावांत तर हा निर्णय चेंडू हातात आल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात होतो : तो धावपटूच्या पोटापाशी चेंडू नेतो, एका ठरावीक बचावपटूकडे पाहतो, आणि तो पुढे आला तर चेंडू काढून घेऊन त्याच्या डोक्यावरून फेकतो. बरोचा हात तसा तोफेसारखा नव्हता. त्याची ताकद या मोजणीत होती. त्याचे वडील जिमी बरो ओहायो युनिव्हर्सिटीत बचावाचे प्रशिक्षक होते, त्यामुळे बचाव कसा विचार करतो हे त्याने घरातच पाहिले असणार. मुलाचा शेवटचा हंगाम पाहता यावा म्हणून २०१८ नंतर ते निवृत्त झाले.

---

सह्यकडा

मी मूळ मांडणीशी सहमत नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

‘आघाडीवर असतानाही फेकायचे’ या एका वाक्यात हा हंगाम बसत नाही. या संघाने २६ ऑक्टोबरला ऑबर्नविरुद्ध केवळ २३ गुण केले. तो त्यांचा सगळ्या हंगामातला नीचांक होता आणि सामना २३-२० असा सुटला. ऑबर्नने काय केले? पुढे तीनच माणसे ठेवली आणि बाकीची बहुतेक मागे पेरली. फेकण्यासाठी उघडी जागाच ठेवली नाही. त्या दिवशी फेकत बसण्याचा हट्ट धरला असता तर एलएसयू हरला असता आणि मग अलाबामाच्या सामन्याचे महत्त्व निम्मे झाले असते. तो सामना क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर या धावपटूने आणि बचावाने वाचवला. या मुलाची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, बॅटन रूजमध्येच वाढलेला. हंगामात त्याने १,४१४ यार्ड धाव घेतली आणि शिवाय ५५ चेंडू झेलले. अलाबामाविरुद्धही चार टचडाउन त्याचेच होते, तीन धावून आणि एक झेलून. मूळ लेखात त्याचे नावच नाही याचे मला वाईट वाटले.

दुसरी गोष्ट लाइनमनची, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभे राहून बचावाला अडवणाऱ्या पाच जणांची. उत्कृष्ट आक्रमक फळीसाठी दिला जाणारा जो मूर पुरस्कार त्या वर्षी एलएसयूला मिळाला. हा पुरस्कार कोणा एकाला नसतो, पूर्ण फळीला असतो. मध्यभागी लॉइड कुशनबेरी आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे यांनी बरोला ते दोन-तीन सेकंद मिळवून दिले नसते तर त्याने मोजणी केली असती कशी? दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, म्हणून ही पाच माणसे आपल्या नजरेतून सुटतात.

---

अबोली

सह्यकडा यांचा बचावाविषयीचा मुद्दा मला थोडा उदार वाटतो. ऑबर्नविरुद्ध बचाव चांगला होता हे खरे, पण त्याच बचावाने व्हँडरबिल्टला ३८ गुण दिले. नोव्हेंबरच्या मध्याला ओल मिसने तर ४०० यार्डांहून अधिक धाव घेतली आणि ३७ गुण केले. तो सामना ५८-३७ असा जिंकला म्हणून त्याची चर्चा झाली नाही. त्यानंतर मात्र काहीतरी बदलले. टेक्सस ए अँड एमविरुद्ध ५०-७, जॉर्जियाविरुद्ध ३७-१०. बचावपटू ग्रँट डेल्पिटचा घोटा बरा झाला हे एक कारण होते. बचावाचे प्रशिक्षक डेव्ह अरांडा यांनी त्या शेवटच्या महिन्यात बचाव पुन्हा उभा केला त्याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही.

टेक्सस ए अँड एमच्या त्या सामन्याला आणखी एक पदर होता. वर्षभरापूर्वी याच संघाने एलएसयूला सात वेळा जादा वेळ खेळून ७४-७२ असे हरवले होते. आणि या वेळी घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना म्हणून बरो बाहेर आला तो पाठीवर स्वतःचे आडनाव केजन पद्धतीने लिहून. लुईझियानात ‘ओ’ हा साधा उच्चार जुन्या फ्रेंच वळणाने चार अक्षरांत (eaux) लिहितात. ओहायोच्या मुलाने आपले नाव तसे लिहून घेतले तेव्हा बॅटन रूजने त्याला आपला म्हणून टाकले.

---

चंद्रभागा

अलाबामाच्या सामन्याविषयी कोणीतरी हे म्हणायला हवे, म्हणून मी म्हणते. त्यांचा क्वार्टरबॅक तुआ टॅगोवायलोआ याच्या घोट्यावर अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. तो लंगडत खेळला आणि तरी त्याने ४१८ यार्ड फेकले. तो पूर्ण तंदुरुस्त असता तर ते पाच गुणांचे अंतर राहिले असते का? पुढच्याच आठवड्यात मिसिसिपी स्टेटविरुद्ध त्याचा खुब्याचा सांधाच निखळला. एवढ्या लवकर त्याला मैदानात उतरवायला नको होते असे मला आजही वाटते. एलएसयूचा विजय मी नाकारत नाही. मात्र एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या शरीरांवर हा खेळ किती उभा असतो हे त्या दोन शनिवारांनी मला दाखवले.

---

औदुंबर

चंद्रभागा ताई, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याला जोडूनच पैशांची गोष्ट येते. त्या हंगामात ओजरॉन यांचे वेतन वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर होते. बरो, जेफरसन किंवा दुसरा रिसीव्हर जमार चेस यांना शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलरही घेण्याची परवानगी नव्हती. त्यांच्या क्रमांकाचे शर्ट दुकानांत विकले जात होते, पण त्यातला हिस्सा खेळाडूला नव्हता. योगायोग असा की हाच हंगाम चालू असताना, ३० सप्टेंबर २०१९ रोजी, कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही केली. जुलै २०२१ पासून तो हक्क देशभर मिळाला. एलएसयूचा हा संघ जुन्या व्यवस्थेतल्या अखेरच्या मोठ्या संघांपैकी एक ठरला.

---

मध्यरात्र

प्रशिक्षकांचे कौतुक चालले आहे, म्हणून एक नोंद करतो. मार्च २०२१ मध्ये विद्यापीठानेच नेमलेल्या विधी संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी हाताळण्यात विद्यापीठाकडून वर्षानुवर्षे गंभीर संस्थात्मक अपयश झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात खेळाडूंविरुद्धच्या तक्रारीही होत्या. मैदानावरचा तो हंगाम खराच होता आणि हा अहवालही खराच आहे. त्या काळात त्याच आवारात शिकणाऱ्या मुलींना काय सोसावे लागले हे या धाग्यात कुठेच आले नसते, तर तो अपुरा राहिला असता.

---

पाणकणीस (धागाकर्ती)

मध्यरात्र, ही नोंद आपण केली हे फार बरे झाले. तो अहवाल आला तेव्हा मी बॅटन रूज सोडले होते आणि तो एका बैठकीत वाचून काढला होता. ज्या आवारातून मी सामन्याच्या रात्री निर्धास्त चालत घरी आले तेच ते आवार. मी हे मूळ लेखात लिहायला हवे होते.

सह्यकडा यांना : एडवर्ड्स-हेलेअरचे नाव माझ्याकडून राहिले ही चूकच झाली, त्यात सारवासारव करत नाही. मात्र ऑबर्नचा सामना माझ्या मांडणीच्या विरुद्ध जातो की नाही हे मी तो पुन्हा पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

---

अबोली

पीच बोलचा, म्हणजे प्लेऑफमधल्या त्या ओक्लाहोमाच्या सामन्याचा, उल्लेख एका आकड्यात आटोपला आहे, तो मला तसा सोडवत नाही. २८ डिसेंबर २०१९ ला अटलांटात ओक्लाहोमाविरुद्ध उपांत्य सामना होता. त्याच सकाळी लुईझियानातल्या लाफायेटहून अटलांटाकडे निघालेले एक लहान विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. त्यात स्टीव्ह एन्समिंगर यांची सून, क्रीडा वार्ताहर कार्ली मॅकॉर्ड, मरण पावली. ती सासऱ्यांचाच सामना पाहायला निघाली होती. ओजरॉन यांनी ती बातमी त्यांना मैदानात जाऊन सांगितली. एन्समिंगर वर प्रशिक्षकांच्या कक्षात गेले, आपल्या जागेवर बसले आणि डाव सांगू लागले. मध्यंतराला धावफलक ४९-१४ होता. बरोने पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन फेकले होते.

मी तो सामना पुन्हा पाहायला दोन वेळा बसले आणि दोन्ही वेळा उठले. ते सात टचडाउन सांगणारा आवाज कोणाचा होता हे ठाऊक झाल्यावर मला टाळ्या वाजवता येत नाहीत.

---

सह्यकडा

हे वाचून थोडा वेळ काही लिहवले नाही.

अंतिम सामन्याविषयी थोडे लिहितो, कारण एक गोष्ट मला नेहमी आठवते. मूळ लेखात २०१२ चा २१-० असा पराभव आला आहे. त्या रात्री सुपरडोममध्ये एलएसयूचा क्वार्टरबॅक होता जॉर्डन जेफरसन. पूर्ण सामन्यात त्यांच्या आक्रमणाला मैदानाची मधली रेषा एकदाच ओलांडता आली. आठ वर्षांनी त्याच छताखाली क्लेम्सनविरुद्ध खेळणारा जस्टिन हा जॉर्डनचा धाकटा भाऊ. शाळेतून निघताना त्याला मोठ्या विद्यापीठांची फारशी मागणी नव्हती. त्या हंगामात त्याने १११ चेंडू झेलले.

क्लेम्सन सलग २९ सामने जिंकून आले होते आणि दुसऱ्या सत्रात १७-७ असे पुढे गेले. सबंध हंगामात एलएसयू दहा गुणांनी मागे पडला तो तेव्हाच. तिथून मध्यंतरापर्यंत त्यांनी लागोपाठ तीन टचडाउन केले. चेसला एकट्याला २२१ यार्ड मिळाले. बरोने ४६३ यार्ड फेकले, आणि मध्यंतराच्या तोंडावर बरगड्यांना जबर मार बसूनही तो दुसऱ्या अर्ध्यात उतरला.

---

हुतूतू

आपणा सर्वांचे वाचून मी काल मुलाबरोबर क्लेम्सनचा सामना पाहिला. या वेळी चेंडूकडे पाहायचे नाही, बरोच्या डोळ्यांकडे आणि मधल्या माणसांकडे पाहायचे असे ठरवले होते. तिसऱ्या-चौथ्या डावानंतर मीही मोजू लागलो. सहा दिसले की मनात ‘फेक’ म्हणत होतो, पाच दिसले की ‘पळ’. दहातले सहा-सात वेळा बरोबर आले आणि मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला. एक शंका उरली आहे. वर्षातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय फुटबॉलपटूला मिळणारा हायझमन पुरस्कार घेताना बरोने आपल्या गावाविषयी काही सांगितले आणि त्यावरून मोठी मदत गोळा झाली असे मुलगा म्हणाला. ते काय होते?

---

अबोली

काका, बरो आग्नेय ओहायोतल्या अथेन्स परगण्यात वाढला. तो भाग फार गरीब आहे. १४ डिसेंबर २०१९ ला पुरस्कार स्वीकारताना तो म्हणाला की तिथल्या अनेक मुलांना शाळेतून घरी गेल्यावर पोटभर जेवण मिळत नाही, आणि मी आज त्या सगळ्यांच्या वतीने इथे उभा आहे. बोलताना त्याला रडू आवरत नव्हते. त्यानंतर परगण्याच्या अन्नछत्रासाठी लोकांनी पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. हायझमन मिळवणारा एलएसयूचा त्याआधीचा खेळाडू म्हणजे १९५९ मधला बिली कॅनन. साठ वर्षांनी दुसरा आला.

---

पाणकणीस (धागाकर्ती)

तीन दिवसांनी लिहिते आहे. ऑबर्नचा सामना मी काल रात्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला आणि काकांनी सांगितले तशी मधली माणसे मोजत पाहिला.

सह्यकडा यांचे बरोबर आहे. ऑबर्नने मधली जागा इतकी मोकळी ठेवली होती की कित्येक डावांत एलएसयूच्या पाच लाइनमनसमोर अडवायला पुरती माणसेच नव्हती. बरो ते पाहत होता आणि चेंडू एडवर्ड्स-हेलेअरच्या पोटाशी देत होता. त्याचे पळणे फार जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्या धडकेला तो थांबतो, गुडघे वाकतात, आता पडला असे वाटते, आणि त्या बुटक्या उंचीमुळेच अडवणाऱ्याच्या काखेखालून पुन्हा दोन यार्ड पुढे निघतो. त्या दिवशी त्याने १३० यार्डांहून अधिक धाव घेतली, आणि त्यातली बरीचशी अशी, धडकेनंतरची होती.

तेव्हा माझे वाक्य मी दुरुस्त करते. ऑस्टिनमध्ये टेक्ससने सगळी माणसे पुढे धाडली म्हणून मागे जागा होती, आणि बरोने फेकले. ऑबर्नने सगळी मागे ठेवली म्हणून पुढे जागा होती, आणि त्याने चेंडू दुसऱ्याला दिला. दोन्ही वेळा तो एकच मोजणी करत होता. मला फेकलेला चेंडू तेवढा आठवत राहिला, कारण तो आकाशात दिसतो.

शेवटच्या तीन मिनिटांत ऑबर्नने टचडाउन करून २३-२० केले आणि चेंडू परत मिळवण्यासाठी आखूड किक मारली. एलएसयूने ती पकडली. त्यानंतर आघाडीवर असलेल्या या संघाने एकदाही लांब फेकले नाही. बावीस क्रमांकाचा एडवर्ड्स-हेलेअर चेंडू दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून मधल्या ढिगाऱ्यात शिरत राहिला, आणि प्रत्येक वेळी कुशनबेरी त्याला हात देऊन उठवत होता.